जुन्या बेडफर्डमधलं पर्किन्स काढू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी तरुणाला १९५० च्या आसपासची बेडफर्ड ओ-मालिकेतली लॉरी विकत मिळते आहे. चासी, केबिन, गिअरबॉक्स मूळचे. इंजिन मात्र बेडफर्डचं पेट्रोल इंजिन नाही, पर्किन्स पी-६ डिझेल आहे आणि ते फार जुन्या काळीच बसवलेलं दिसतं. ओळखीचे लोक सांगतात की पेट्रोल इंजिन शोधून परत बसव, तरच गाडी अस्सल. तसं करावं का, आणि घेण्याआधी काय तपासावं?

करू नका. असं मी का म्हणतो ते सांगताना जरा लांबण लागेल, पण इंजिन बदलण्याचा हा सगळा इतिहास ठाऊक असल्याशिवाय त्या गाडीत काय तपासायचं तेही नीट कळणार नाही.

मी या धंद्यात कोल्हापुरात शिरलो, मिस्त्रींच्या हाताखाली. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत लढाईनंतर लष्कराने काढून टाकलेल्या ‘डिस्पोजल’च्या बेडफर्ड होत्या आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या डॉज नि फार्गो होत्या. फार्गोचं बॉनेट उघडलं की आत पर्किन्स असायचं. पुढे इंग्लंडला आलो आणि लँकेशायरमधल्या एका मालवाहतूक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं. तिथे हेच इंजिन त्याच्या माहेरी भेटलं. म्हणून या विषयावर मी थोडा हक्काने बोलतो.

सुरुवात पर्किन्सच्याही आधीपासून करायला हवी. आज लोकांना वाटतं की इंजिन बदलणं म्हणजे कारखान्याने केलेल्या गाडीत गॅरेजवाल्याने केलेली ढवळाढवळ. ब्रिटनमध्ये घडलं ते उलट. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टचे गार्डनर हे बोटींसाठी आणि कारखान्यांसाठी तेल-इंजिनं बनवत. १९३० च्या सुमारास नॉटिंगहॅमशायरच्या बार्टन या बसमालकांनी गार्डनरचं ४-एल२ हे असं इंजिन उचललं आणि लॅन्सिया बसमध्ये बसवलं. बस चालली, आणि इंधनाचा खर्च पाहून बाकीच्यांचे डोळे उघडले. रस्त्यावरच्या गाडीसाठी खास हलकं केलेलं एलडब्ल्यू हे इंजिन गार्डनरने १९३१ मध्ये आणलं, ते या प्रयोगांनंतर. म्हणजे ब्रिटिश लॉरीतल्या डिझेलचा उगमच मुळी इंजिन बदलण्यातून झाला. एडविन रिचर्ड फोडेन यांनी १९३३ मध्ये आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून ईआरएफ ही लॉरी-कंपनी सुरू केली तीही गार्डनर इंजिनावर.

गार्डनरबद्दल मी किती लिहू शकेन याला मर्यादा नाही, पण एवढंच सांगतो. ६-एलडब्ल्यू म्हणजे ८.४ लिटर, सहा सिलिंडर, मिनिटाला १७०० फेऱ्यांना १०२ अश्वशक्ती. आजच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण ती शक्ती दिवसभर, वर्षानुवर्षं, न कुरकुरता मिळायची, आणि जोडणीतली सफाई अशी की हेड उघडलं तरी पुन्हा बंद करावंसं वाटू नये. बस भंगारात गेली तरी तिचं गार्डनर कोणी भंगारात टाकत नसे. ते लॉरीत जायचं, नाही तर मासेमारीच्या बोटीत. १९५८ मध्ये १०.४५ लिटरचं, १५० अश्वशक्तीचं ६-एलएक्स आलं तेव्हा त्यासाठी नंबर लावून थांबावं लागे, आणि जुन्या बसमधून निघालेल्या ६-एलडब्ल्यूलाही चांगली किंमत यायची.

मग बेडफर्डमध्ये गार्डनर का नाही गेलं? वजनामुळे. इथे ब्रिटनचा कायदा लक्षात घ्यावा लागतो. तिसाच्या दशकात रिकाम्या लॉरीचं वजन अडीच टनांच्या आत असेल तर तिला ताशी ३० मैलांची मुभा होती, त्यावर गेलं की २० मैल. करसुद्धा रिकाम्या वजनावर. जड लॉऱ्यांची ही २० मैलांची मर्यादा थेट १९५७ पर्यंत टिकली. हलक्या लॉरीत भरभक्कम डिझेल घातलं की गाडी वरच्या गटात जायची, वेग जायचा, दिवसाची एक खेप कमी व्हायची. त्यामुळे हलक्या गाडीवाल्यांना पेट्रोलवरच राहणं भाग होतं.

ही अडचण इंग्लंडमधल्याच पीटरबरो गावात सुटली. फ्रँक पर्किन्स आणि चार्ल्स चॅपमन यांनी १९३२ मध्ये कंपनी काढली ती याच कल्पनेवर, की डिझेल हलकं आणि जलद फिरणारं असू शकतं. इंजिनाचं डोकं चॅपमनचं, धंद्याचं डोकं पर्किन्सचं. १९३७-३८ मध्ये पी-६ आलं. साडेतीन इंच बोअर, पाच इंच स्ट्रोक, सहा सिलिंडर, ४.७३ लिटर. सुरुवातीला सत्तरच्या आसपास आणि नंतर वाढत ८३ अश्वशक्ती. लगोलग सेडन या लॉरी-कंपनीने हेच इंजिन घालून सहा टन माल नेणारी लॉरी काढली, आणि तिचं रिकामं वजन अडीच टनांच्या आत बसवलं. सहा टन माल, डिझेलचा खर्च आणि ३० मैलांचा वेग, तिन्ही एकाच गाडीत. लढाईनंतर पर्किन्सने बेडफर्ड, फोर्ड, कॉमर, ऑस्टिन अशा गाड्यांसाठी पी-६ चे बदली संच, म्हणजे इंजिन आणि ते बसवायला लागणारे भाग, विकायला काढले, त्याला हे कारण आहे.

आता तुमची बेडफर्ड. ओ-मालिका १९३९ मध्ये आली, लढाईत थांबली, लढाई संपल्यावर पुन्हा सुरू झाली आणि १९५३ मध्ये तिची जागा ए-मालिकेने घेतली. मूळ इंजिन ३५१९ सीसीचं सहा सिलिंडर पेट्रोल, ३००० फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती. इंजिन उत्तम, आवाज गोड, यात वाद नाही. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली तीही बेडफर्डच. पण भरलेली गाडी घेऊन चढ चढताना हे इंजिन पेट्रोल किती पितं हे ज्याने टाकी भरलीय त्यालाच ठाऊक. ब्रिटनमध्ये १९३५ पासून गाडीच्या डिझेलवर पेट्रोलइतकाच कर होता, त्यामुळे डिझेलचा फायदा दराचा नव्हता, मैलांचा होता. पेट्रोलवर गॅलनला दहा-अकरा मैल जाणारी लॉरी पी-६ घातल्यावर सतरा-अठरा जायची, असा आमच्याकडचा साधारण अनुभव. दोन-चार लॉऱ्यांच्या मालकाला यात संचाचे पैसे कधी वसूल होतील हे कागदावर मांडता यायचं. भारतात तर डिझेल स्वस्तही होतं, म्हणून आपल्याकडे पेट्रोलच्या लॉऱ्या अजूनच लवकर संपल्या. पर्किन्स मद्रासच्या सिम्पसनमध्ये बनू लागल्यावर सुट्या भागांचीही चिंता मिटली.

म्हणून मी म्हणतो की पी-६ असलेली ओ-मालिका ही बिघडवलेली बेडफर्ड नाही. त्या काळच्या कामाच्या बेडफर्डचं ते खरं रूप आहे. पुढच्या ए-मालिकेत बेडफर्डने स्वतःच कारखान्यातून पर्किन्स द्यायला सुरुवात केली, १९५७ मध्ये स्वतःचं ३०० घनइंची डिझेलही आणलं. तुमच्या गाडीच्या मालकाने जे केलं ते बेडफर्डने काही वर्षांनी केलं. प्रदर्शनात पेट्रोलची ओ-मालिका तुम्हाला बऱ्याच दिसतील. जुन्या संचाने बदललेली, अजून धावणारी गाडी त्यामानाने फार थोडी उरली आहे. ती मोडून पहिल्या प्रकारात आणखी एकीची भर घालण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

मात्र एक अट आहे. काम नीट केलेलं हवं. इंजिन बसलं म्हणजे बदल झाला असं नसतं. खरी परीक्षा इंजिनाच्या मागे असते.

सगळ्यात आधी बेलहाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच, पाहा. पर्किन्सच्या संचातलं असेल तर ओतीव, यंत्रावर घासलेलं, नीट बसणारं असेल. गॅरेजमध्ये जाड पत्र्याची प्लेट कापून जोडलं असेल तर सावध व्हा. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट एका रेषेत हवेत, आणि या रेषेला केसभराचीही सूट नाही. रेष चुकली की आधी क्लचप्लेटची मधली हब सैल होते, मग गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडतं, आणि माणूस बेअरिंग बदलत बसतो, मूळ दोष तसाच राहतो. गाडी चालू करून क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आवाजात फरक पडतो का ते कान देऊन ऐका. शक्य असेल तर गिअरबॉक्स उतरवून डायल गेज लावा. विकणारा नाही म्हणाला तर किंमत त्या हिशेबाने बोला.

दुसरं, मागचा हौजिंग, म्हणजे मागच्या चाकांचा आस. पेट्रोल इंजिन ३००० फेऱ्या फिरायचं, पी-६ जेमतेम २२०० ते २४०० फिरतं. त्यातली क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी मूळचीच ठेवली तर वेग एक पंचमांश किंवा त्याहूनही जास्त खाली येतो. जिथे पूर्वी ताशी ४५ मैल मिळायचे तिथे इंजिन सगळा जोर लावून ३६ ला थांबेल. चालक कंटाळून डिझेल पंपाचं फेऱ्यांना मर्यादा घालणारं सील तोडायचे, फेऱ्या वाढवायचे, आणि मग कनेक्टिंग रॉड बाहेर यायचा. पी-६ विषयी ‘रॉड टाकतं’ अशी जी बदनामी ऐकू येते, तिच्यातला मोठा वाटा या न बदललेल्या क्राउन-पिनियनचा आहे. शहाण्या मालकांनी संच बसवतानाच उंच रेशोचं क्राउन-पिनियन किंवा ईटनचा दोन वेगांचा हौजिंग घातला. तुमच्या गाडीत केबिनमध्ये त्याचा बटणवजा दांडा दिसतोय का पाहा. नसेल तर एक चाक उचलून नाही, दोन्ही चाकं जॅकवर घ्या. चाकं एकत्र एक फेरी फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरतो ते खडूची खूण करून मोजा. रेशो कळेल.

तिसरी गोष्ट जिवाशी गाठ असलेली. ब्रेक. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद झाला की मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो आणि बेडफर्डचा ब्रेक सर्व्हो, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारं यंत्र, त्यावर चालतो. डिझेलमध्ये तसा निर्वात आपोआप मिळत नाही. त्यासाठी इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप लागतो, ज्याला तिथे एक्झॉस्टर म्हणतात. तो आहे का, त्याला तेल पोचतं का, नळ्या फुगलेल्या किंवा तडकलेल्या नाहीत ना, मध्ये एकदिशा झडप आहे का, निर्वाताची टाकी गंजलेली नाही ना, सगळं पाहा. साधी तपासणी अशी: इंजिन चालवा, बंद करा, मग ब्रेक तीनदा दाबा. पहिल्या दाबाला पाय हलका जाईल, पुढे जड होत जाईल. पहिल्यापासूनच दगड लागला तर सर्व्हो मेलेला आहे आणि ती गाडी रस्त्यावर आणू नका, टोचन करून न्या. इंजिन बदलणाऱ्यांनी सर्व्होच काढून टाकलेल्या गाड्या मी दोन्ही देशांत पाहिल्या आहेत. भरलेली लॉरी, उतार आणि नुसत्या पायाचा जोर. असं काम करणाऱ्या माणसाने पान्हा हातात धरू नये.

बाकीचं भराभर सांगतो. डिझेल जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगला जादा पाटा घातलाय का आणि स्टिअरिंग फार जड झालंय का बघा. रेडिएटर पुढे सरकवला असेल तर त्याचे आधार कुठे वेल्ड केलेत ते बघा, चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्ड नको. डिझेल टाकीला नोझलमधून परत येणाऱ्या तेलाची वेगळी नळी हवी. स्टार्टर आणि बॅटरी डिझेलच्या ताकदीची हवी, पेट्रोलच्या वेळची पुरत नाही. केबिनमध्ये इंजिन बंद करण्याचा ओढदांडा हवा, कारण किल्ली फिरवून पी-६ थांबत नाही.

आता खुद्द इंजिन. पी-६ चा टायमिंग चेनवर आहे, आणि चेन वापराने लांबते. लांबली की डिझेल पंप उशिरा तेल सोडतो. मग सकाळी चालू व्हायला त्रास, पांढरा धूर, चढावर दम नाही. बरेच जण याला रिंगा गेल्या समजून सगळं इंजिन उघडतात. आधी चेन आणि पंपाचं टायमिंग बघा, मग कॉम्प्रेशन मोजा, मग ठरवा. थंडीत चालू करण्यासाठी हातपंपाने मॅनिफोल्डमध्ये डिझेल सोडून ते तापलेल्या तारेवर पेटवायची सोय असते. ती जागेवर असेल तर दुरुस्त करा. ईथरचा फवारा मारण्याची सवय अजिबात लावू नका, त्याने रिंगांच्या खाचा तुटतात. पंपाचा गव्हर्नर हवेच्या दाबावर चालणारा असेल तर त्यातला चामड्याचा पडदा आधी बदला. तो फाटला की इंजिन आवरत नाही.

पी-६ ची जागा पुढे पर्किन्सच्याच ६.३५४ ने घेतली. १९६० चं हे इंजिन ५.८ लिटरचं, पुष्कळ सरस, सुटे भाग आजही मिळण्यासारखे. कोणी म्हणेल, बदलायचंच तर ते घाला. रोजच्या कामाची गाडी असती तर मीही हेच म्हटलं असतं. माल्टामध्ये बसमालकांनी अशाच तऱ्हेने जुन्या बेडफर्ड आणि फोर्डमध्ये एकामागून एक डिझेलं बसवत त्या २०११ च्या जुलैपर्यंत प्रवाशांसाठी धावत्या ठेवल्या. त्या बसगाड्यांचं मला अतोनात कौतुक आहे. पण त्यांचं काम रोज सकाळी निघण्याचं होतं. तुमच्या गाडीचं काम एका काळाची साक्ष देण्याचं आहे, आणि ती साक्ष पी-६ देतं.

एका बाबतीत मात्र मी बदलाच्या सक्त विरोधात आहे, ते इथेच सांगून टाकतो. पुढेमागे टीएस-३ इंजिनाची कॉमर लॉरी हाती लागली तर तिचं इंजिन कोणालाही काढू देऊ नका. तीन सिलिंडर, सहा पिस्टन, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर, टू-स्ट्रोक, आडवं पडलेलं, सीटखाली. ३.२६ लिटरमधून १०५ अश्वशक्ती, तीही १९५४ मध्ये. व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडर हेड नाही, हवा आत ढकलायला ब्लोअर. भरधाव चढ चढताना तिचा आवाज दोन मैलांवरून ओळखू यायचा. दुरुस्ती समजत नाही म्हणून कितीतरी जणांनी ते काढून साधं डिझेल घातलं. बेडफर्डमध्ये पी-६ आल्याने गाडीचं काम चांगलं झालं. कॉमरमधून टीएस-३ गेलं की मागे नुसती केबिन उरते. पुढचं चार सिलिंडरचं टीएस-४ तयार होत होतं, तेही क्रायस्लरने कॉमरची मालक कंपनी रूट्स ताब्यात घेतल्यावर बंद पडलं. म्हणून जी टीएस-३ उरली आहेत तीच.

कागदपत्रांचं. नोंदणीत इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार पर्किन्सप्रमाणे नोंदलेला आहे का ते खरेदीआधी पाहा. नसेल तर विकणाऱ्यालाच आधी दुरुस्त करून घ्यायला सांगा. ही लॉरी पुढे भारतात आणायचा विचार मनात असेल तर आताच सोडा. आपल्याकडे २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी जे नियम आले ते खासगी दुचाकी-चारचाकींपुरते आहेत, व्यापारी गाड्या त्यात येत नाहीत, आणि इंजिनात फेरफार झालेली गाडी तर नाहीच. नियम करणाऱ्यांनी लॉऱ्यांचाही विचार करायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. घाटांतून धान्य, ऊस, गूळ वाहिलेल्या आपल्या बेडफर्ड, फार्गो आणि लेलँड कॉमेट भंगारात गेल्या, मोटारी मात्र जपल्या गेल्या.

विकणाऱ्याकडे आणखी एक गोष्ट मागा: इंजिन बदलल्याचं बिल, जुनं पत्र, फोटो, काहीही. छोट्या मालकांच्या घरी असे कागद डब्यात पडून असतात. तारीख आणि बसवणाऱ्या गॅरेजचं नाव मिळालं तर ते गाडीसोबत फ्रेम करून ठेवा. चासीचा रंग खरवडताना इंजिनाच्या माउंटिंगजवळ जुनी, वापरात नसलेली भोकं दिसतील. ती पेट्रोल इंजिनाच्या वेळची. भरू नका, तशीच राहू द्या.

इंजिनाच्या बाजूला ठोकलेली पट्टी, त्यावरचा पूर्ण क्रमांक, डिझेल पंपावरची पट्टी आणि खडूने मोजलेला रेशो, एवढं कळवलंत तर इंजिन कोणत्या काळातलं आहे आणि क्राउन-पिनियन बदललंय की नाही हे मी सांगू शकेन. चेन आणि गॅस्केटचा संच मागवण्याची घाई त्याआधी करू नका, कारण वेगवेगळ्या वर्षांच्या पी-६ मध्ये सगळेच भाग एकमेकांना लागत नाहीत.